वॉकओव्हरचे पॉइंट

पूल, म्हणजे टेबलावर काठीने बॉल मारायचा तो बिलियर्ड्ससारखा खेळ. आमचा पूलवाल्यांचा ग्रुप चहाला बसला की किस्से थांबत नाहीत. खेळाचे कमी, पॉइंटचे जास्त! सुरुवात हसतच होते, पण चहा संपेपर्यंत माझं डोकं तापलेलं असतं.

उल्हासनगर कॅम्प तीन, अंबरनाथ पश्चिम आणि बदलापूर. तीन पूल पार्लर, तीन टूर्नामेंट. मॅच जिंकली की दोन पॉइंट, फायनल जिंकली की पाच. तिन्हींची बेरीज ज्याची जास्त तो ऑलराउंडर, आणि मुंबईच्या मोठ्या स्पर्धेत आमच्याकडून एंट्री त्याला. एकालाच! हिशोब पोरांनाही जमेल असा. पण तिन्हीकडचे पॉइंट बोर्डावर लावणार कॅम्प तीनच्या पार्लरचे मालक लच्छूभाई. मी कायम पहिल्या राऊंडला बाहेर, त्यामुळे बघायला मोकळा.

*

उल्हासनगरची फायनल गिरीश आणि प्राचीची. गिरीश बदलापूरचा, लच्छूभाईंचा लाडका. प्राची अंबरनाथच्या कारखान्यात डिस्पॅचला, शिफ्ट संपली की थेट टेबलावर. मुंबईला खेळायचं म्हणून तिने सुट्टीसुद्धा आधीच टाकून ठेवलेली.

गिरीश जिंकला, शेवटच्या बॉलवर. लच्छूभाई तिला म्हणतात, "बेटा, लेडीज असून इथपर्यंत आलीस, बहोत है!"

आणि हे स्वतः दुसऱ्या राऊंडला गारद झालेले!

*

अंबरनाथला गिरीश आलाच नाही. चुलतभावाची हळद होती. टूर्नामेंट प्राचीने मारली. बोर्डावर बघतो तर गिरीशच्या नावापुढे सहा पॉइंट!

"लच्छूभाई, हे कसले?"

"अरे साईं, आला असता तर फायनलपर्यंत गेलाच असता ना!"

"मग मी कशाला आलो? घरी बसलो असतो तर मलाही दोन-चार मिळाले असते!"

कोणी हसलं नाही. मीही विनोद करत नव्हतो.

*

त्याच बोर्डावर प्राचीचे दोन पॉइंट कमी. सेमीफायनलला समोरचा आला नव्हता, वॉकओव्हर मिळाला होता.

"न खेळता पॉइंट कसला?" लच्छूभाई म्हणाले. त्याच तोंडाने! मी गिरीशच्या सहाकडे बोट दाखवलं. "वो अलग मॅटर है," म्हणाले आणि बोर्डाकडे पाठ करून उभे राहिले. इतका संताप झाला की हातातली काठी, क्यू, फेकून घरी जावंसं वाटलं.

*

न खेळता पॉइंट नाही, हा नियम बदलापूरला बरोबर कामी आला. गिरीशच्या मागे प्राची दोनच पॉइंटांनी. पहिल्या राऊंडला तिच्यासमोर गिरीशचा दोस्त, त्याचं पोट दुखायला लागलं. पुढच्याचा चिखलोलीहून फोन, "रिक्षा मिळत नाहीये. आमच्याकडे स्टेशन झालं की नक्की येतो!" तिसऱ्याने फोनही उचलला नाही. प्राची बिचारी क्यूला खडू लावत उभी. गिरीश मात्र खेळून, जिंकून फायनलला आला. आला तो मनगटाला पट्टी बांधून! "हात मुरगळला रे, फायनल नाही खेळत."

प्राची चॅम्पियन. दिवसभरात एक शॉट नाही, पॉइंट शून्य!

ऑलराउंडरचा मोठा कप गिरीशला. पट्टीवाल्याच हाताने त्याने तो वर केला. तेवढ्यात त्याची आई पेढे घेऊन आली. प्राचीच्या हातातला कप बघून थबकली.

"तू पण जिंकलीस का ग?"

"हो काकू, आजची टूर्नामेंट."

"आणि मोठा कप याला?"

"हो."

माऊलीने पेढ्यांच्या बॉक्सचं झाकण पुन्हा लावलं आणि आम्हा सगळ्यांकडे बघत विचारलं, "मग आज हिला हरवलं कोणी?"