दोन अर्जांवर एकच सही

शिपाई आला तेव्हा मी ऑफिसला निघायच्या घाईत होते. तो दारातूनच म्हणाला, "मॅडम, शाम को थाने आना पड़ेगा. आपके पति ने चोरी की रिपोर्ट लिखाई है." रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत दाराला दार लागून. किमान चार घरांनी तरी ते ऐकलं असणार.

नवऱ्याचं घर सोडून बाबांकडे आले, त्याला तेव्हा तीन महिने झाले होते. मधल्या काळात त्याने पाठवलेली घटस्फोटाची नोटीसही आली होती. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत निघाले होते. गळ्यात बाबांनीच लग्नात घातलेला हार, हातात त्यांनीच केलेल्या चार बांगड्या. आता रिपोर्टमध्ये ते दागिने सासूचे झाले होते आणि मी ते कपाटातून चोरून नेले होते.

बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. जन्मात ठाण्याची पायरी चढलेले नव्हते. मला म्हणाले, "काहून भेऊन राहिली? तू चोरी केली का?"  पण मला तर तेव्हा वाटायचं, रिपोर्ट लिहिली म्हणजे गुन्हा ठरलाच.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मला त्याच दुपारी पंडरीच्या कापडबाजारात नेलं. कापडाच्या ठोक दुकानावरच्या माडीवर एक वकीलबाई बसायच्या. जिन्यात गाठोडी रचलेली, अंग चोरून वर चढावं लागायचं. सगळे त्यांना दीदी म्हणत. माझं सगळं ऐकून त्यांनी एका कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारली.

"इधर तलाक, उधर चोरी. दो अलग अदालतें, दो अलग कायदे. इनको दिमाग में मत मिलाना."

घटस्फोटाच्या कोर्टात दोघांपैकी कोणाचं म्हणणं जास्त खरं वाटतं ते बघतात. चोरीच्या खटल्यात तसं नाही. तिथे चोरी झाली हे आरोप करणाऱ्यांनी सिद्ध करायचं, शंकेला जागा न ठेवता. मी चोर नाही हे सिद्ध करायची जबाबदारी माझी नाही. हे ऐकलं आणि दिवसभरात पहिल्यांदा मला जरा धीर आला.

"मग संध्याकाळी ठाण्यात जाऊ?" मी मराठीतच विचारलं; त्यांना ती कळायची.

"बिलकुल नहीं. पूछताछ के लिए औरत को थाने नहीं बुला सकते, वो घर आएँगे. उससे पहले ज़मानत की अर्ज़ी. और बिना पढ़े किसी कागज़ पर दस्तखत नहीं."

अटकेआधीच जामीन मागता येतो, हेही मला तेव्हाच कळलं. तो मिळाला. पोलीस घरी आले, दागिने जप्त केले. हवालदाराने पुढे केलेला जप्तीचा कागद मी ओळ न् ओळ वाचला. त्यात बांगड्या दोनच लिहिल्या होत्या. मी चार करायला लावल्या, मगच सही केली. बाबा माझ्याकडे बघतच राहिले.

मग नवऱ्याकडून निरोप आला. घटस्फोटाच्या खटल्यात दोष कबूल कर, दागिने सोडून दे, आम्ही तक्रार पुढे रेटणार नाही. बाबा थकले होते. "दे फेकून ते सोनं. मले माही पोट्टी पाहिजे," म्हणाले.

"बाबा, मग मी जन्मभर चोर राहीन," मी म्हटलं. 

रायपूर तेव्हा नवीनच छत्तीसगडची राजधानी झालेलं. आमच्या सरकारी ऑफिसात जुन्या राजधानीतून, भोपाळहून फायलींचे गठ्ठे यायचे. यादीत काय लिहिलंय आणि गठ्ठ्यात काय आलंय, ते ताडून बघणं हे माझं काम. एका रविवारी मी तसंच घरचे कागद घेऊन बसले. घटस्फोटाची नोटीस आली होती तेव्हा पहिलं पान वाचून मला इतकं रडू आलं होतं की बाकीची पानं उलटलीच नव्हती, ती दीदींनाही अजून दाखवली नव्हती. आता नोटिशीसोबत आलेला तो अर्ज एका बाजूला ठेवला, चोरीची तक्रार दुसऱ्या बाजूला.

अर्जाच्या चौथ्या पानावर होतं: प्रतिवादिनी मायके से मिले अपने समस्त जेवर लेकर स्वेच्छा से घर छोड़कर चली गई. माहेरून मिळालेले दागिने घेऊन मी आपल्या मर्जीने घर सोडलं हे दाखवायला कोणीतरी हौसेने घातलेली ओळ. दीड महिन्यानंतरच्या तक्रारीत तोच दिवस, तेच दागिने, पण सासूचे. खाली दोन्हीकडे नवऱ्याची सही.

दुसऱ्या दिवशी दीदींनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला. "किसी को मत बताना. पिताजी को भी नहीं."

कोर्टातून त्या अर्जाची शिक्क्याची नक्कल काढली आणि वाट बघितली. तारखेमागून तारीख पडत गेली. नवऱ्याची साक्ष व्हायला दुसरं वर्ष उजाडलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला आणि त्याने आईचे दागिने कसे गेले ते फार छान सांगितलं. मग दीदी अर्जाची नक्कल घेऊन उठल्या.

"ये दस्तखत आपके हैं?"

"जी."

"पढ़कर किए थे?"

"जी, पढ़कर."

"तो चौथा पन्ना अदालत को पढ़कर सुनाइए."

त्याने वाचायला सुरुवात केली. 'मायके से मिले' पर्यंत आला आणि थांबला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मान वर केली. "आगे पढ़िए." त्याने खूप हळू आवाजात वाचलं. "ज़ोर से," साहेब म्हणाले. मागच्या बाकावर बाबा होते. त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यांनी गुडघ्यावर अशी थाप मारली की कोर्टाच्या शिपायाने त्यांना दटावलं.

मी निर्दोष सुटले, तिथल्या कोर्टाच्या भाषेत 'बरी' झाले. दागिने मला परत द्यायचा हुकूम झाला. त्या दिवशी बाबा घरी येताना गल्लीच्या तोंडाशीच रिक्षातून उतरले आणि दारादाराशी थांबत, "बरी झाली माही पोरगी!" असं सांगत चालत आले. कोणी विचारलंही नव्हतं.

घटस्फोट मलाही हवाच होता, फक्त दोष माथी घेऊन नको होता. आता निरोप आमच्याकडून गेला: आरोप मागे घ्या, दोघांच्या संमतीने अर्ज करू. त्यांनी मुकाट्याने मान्य केलं. पहिला जबाब झाला, मग कायद्याने ठरलेले सहा महिने थांबायचं, मग दुसरा.

दुसऱ्या जबाबाला न्यायाधीशांनी विचारलं, "किसी के दबाव में तो नहीं हैं?"

"नहीं साहब. पढ़कर, समझकर आई हूँ."

सही केली. बाहेर नवरा जिन्यापाशी उभा होता. मी त्याच्या शेजारून खाली उतरले, स्कूटर काढली. अर्ध्या दिवसाचीच रजा टाकली होती. दोन वाजता मी माझ्या टेबलावर होते.