दाराबाहेर गेलेलं औषध

कॉव्हेंट्रीतल्या ज्या फार्मसीत मी उमेदवारीचं वर्ष काढलं, तिचं काउंटर फार उंच होतं. आम्ही ज्या बाजूला औषधं काढून लेबलं लावायचो तिथली जमीन एका पायरीने वर होती, त्यामुळे गिऱ्हाइकाला पिशवी वर ठेवायची तर हात खांद्यापर्यंत न्यावा लागे. मावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी डाव्या हाताने पिशवी ठेवली, डाव्या हातानेच पर्स उघडली आणि डाव्याच हाताने प्रिस्क्रिप्शन पुढे केलं. उजवा हात कोटाच्या खिशात होता. प्रिस्क्रिप्शनवरचं आडनाव वाचून मी मराठीत विचारलं, "डावखुऱ्या आहात का?"

"नव्हते गं बाई, झालेय." मग माझ्याकडे नीट बघत त्या म्हणाल्या, "मराठी का तू? कुठली?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी ते ऐकलेलं नव्हतं. माझ्या गावाचं नाव सहसा कुणीच ऐकलेलं नसतं, म्हणून मी लगेच जिल्हा सांगितला.

"असू दे. आमचंही सातारा म्हणायचं आणि पुढे तीन तास एसटीत बसायचं," असं म्हणून त्या हसल्या, आणि त्या दिवसापासून त्या मावशी झाल्या.

मावशी एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत. मुलांना दुपारचं जेवण वाढायचं, भट्टीतून तापलेले ट्रे काढायचे, भांडी रचायची. सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये मागे येणाऱ्या एका गाडीचा धक्का बसला, मावशी उजव्या खांद्यावर पडल्या आणि मानेपासून बोटांपर्यंतची नस दुखावली. काका, म्हणजे त्यांचे यजमान, गाड्यांच्या कारखान्यात होते. कारखाना बंद झाल्यापासून ते घरीच होते, त्यामुळे घर मावशींच्या पगारावर चालत होतं. हेडटीचर बाईंनी सांगितलं होतं की सप्टेंबरात शाळा सुरू होईपर्यंत जागा राखून ठेवू, नंतर नाही. ट्रे उचलता आला पाहिजे, एवढीच अट होती.

सरकारी प्रिस्क्रिप्शनवर ठरावीक पैसे भरले की औषध मिळतं, आणि साठीनंतर तर काहीच भरावं लागत नाही. मावशी अठ्ठावन्नच्या होत्या. "अंगावर गाडीच घालायची होती, तर देवाने दोन वर्षं थांबायचं," असं त्या म्हणत. पण साध्या गोळ्यांनी नसेचं दुखणं हटेना, आणि सरकारी हॉस्पिटलातल्या तज्ज्ञाचा नंबर लागेपर्यंत सप्टेंबर उलटून गेला असता. म्हणून अपघाताच्या भरपाईचा दावा लढणाऱ्या त्यांच्या सॉलिसिटरने, म्हणजे वकिलाने, त्यांना खासगी डॉक्टरांकडे पाठवलं. खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध पूर्ण किमतीने घ्यावं लागतं, आणि नसांच्या दुखण्यावरची ती गोळी त्या काळी नवीन आणि महाग होती.

त्यावर आमच्या मालकांनी सॉलिसिटरांशी एक व्यवस्था केलेली होती. अपघातातल्या पेशंटने औषध आज न्यायचं, आणि नुकसानभरपाई मिळाली की तिच्यातून आधी फार्मसीचे पैसे वळते करायचे. क्लेम फेटाळला गेला तर रक्कम पेशंटच्या नावावर राहील, असंही करारपत्राच्या शेवटी लिहिलेलं होतं. मावशींनी त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, तिचा अर्थ माझ्याकडून मराठीत दोनदा वदवून घेतला, आणि मगच डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली.

मालक गुजराती होते, लहानपणी युगांडाहून इथे आलेले. मी त्यांना अंकल म्हणायचे आणि ते माझ्याशी हिंदीत बोलायचे. गोळ्यांवर लेबल लावताना त्यांनी मला शिकवलं होतं की या औषधाने पहिल्यांदा पेंग येते, डोकं हलकं होतं, म्हणून दर खेपेला विचारायचं.

मी दर खेपेला विचारत होते.

"मावशी, झोप येते का फार?"

"झोप? कूस बदलली की जीव जातो. कुठली झोप?"

"चक्कर?"

"छे."

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी डोस वाढवला. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी वाढवला. मावशी तशाच खडखडीत, आणि उजवा हात तसाच खिशात. मी अंकलना सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवून चिठ्ठी पाहिली. "इतने डोस में तो हाथी भी झपकी ले ले, बेटा. अगली बार ठीक से पूछना."

पण पुढच्या खेपेआधीच मावशी काकांना घेऊन आल्या. दुपारची वेळ होती, दुकानात कुणी नव्हतं. काकांनी कापडी पिशवी काउंटरवर उपडी केली. आम्ही आजवर दिलेली सगळी पाकिटं बाहेर आली, आमच्याच लेबलांची, कडा जशाच्या तशा.

"मोजून घे," मावशी म्हणाल्या. "एकही फोडलेली नाही."

मी एकेक पाकीट मोजू लागले.

गाडीवाल्याच्या इन्शुरन्स कंपनीने कळवलं होतं की चूक मावशींचीच होती, गाडी मागे येत असताना त्या स्वतःच तिच्या मागून चालत गेल्या. सॉलिसिटरने फोनवर ते सांगितलं, आणि हेही सांगितलं की अजून काहीच ठरलेलं नाही, आपण भांडू. मावशींनी पुढचं वाक्य ऐकून घेतलं नाही. क्लेम हरला तर हा माल परत करता यावा, म्हणून त्यांनी तो पहिल्या दिवसापासून कपाटात साड्यांच्या वर ठेवला होता.

"मी सांगत होतो, खा म्हणून," काका म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. तुमचा कारखानापण सांगत होता, चालणार म्हणून."

"पण मावशी, डॉक्टरांना तुम्ही काय सांगत होतात?"

"फरक नाही म्हणून सांगत होते. खोटं कुठे होतं? फरक नव्हताच."

त्यांना हसू आलं नाही, मलाही आलं नाही. माझ्या डोक्यात त्या वाढवलेल्या डोसचा हिशेब चालू होता. कपाटातलं सगळ्यात वरचं, म्हणजे सगळ्यात मोठ्या डोसचं पाकीट त्यांनी एखाद्या असह्य रात्री उघडलं असतं तर काय झालं असतं, हे मला दिसत होतं.

"मावशी, हे आम्हाला परत घेता येत नाही. एकदा दुकानातून बाहेर गेलेलं औषध दुसऱ्या कुणाला देता येत नाही. नष्ट करावं लागतं."

"अगं, सील तर बघ!"

"सील असलं तरी."

"नवं कोरं आहे!"

अंकल मागून येऊन उभे राहिले होते. त्यांनी खालून निळ्या झाकणाचा मोठा डबा ओढला. परत आलेली औषधं त्यात टाकतात आणि तो जाळायला नेतात. मावशींनी डब्यात डोकावून पाहिलं. मग त्या हळू आवाजात काकांना म्हणाल्या, "आमच्या शाळेत असंच असतं. ट्रेमध्ये भात हात न लावलेला असला तरी एकदा वाढपाच्या खिडकीत गेला की परत भांड्यात नाही. सगळा बिनमध्ये. पहिल्या वर्षी मी रडले होते." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे दाराबाहेर गेलं की उष्टं."

"हो," मी म्हटलं. "अगदी तसंच."

"मग मी एवढे महिने उष्टंच जपून ठेवलं की गं."

त्या क्षणी मला माझ्या कॉलेजातल्या पुस्तकांची आठवण झाली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. गावातल्या शाळेतले विज्ञानाचे सर स्वतःच्या पैशाने माझ्यासाठी फार्मसीची जाडजूड पुस्तकं घ्यायचे. ती परत द्यायची असं मीच मनाशी धरलं होतं, म्हणून मी ती पूर्ण उघडायची नाही, पुस्तकाची पाठ मोडेल म्हणून निम्मी उघडून वाकून वाचायची. पहिलं पुस्तक परत नेलं तेव्हा सरांनी ते चाळून पाहिलं आणि म्हणाले, "हे तर वाचल्यासारखं दिसतच नाही. मी कशासाठी दिलं होतं?" त्यांना राग आला नव्हता, पण वाईट वाटलं होतं. दुसरं पुस्तक मी पेन्सिलीच्या खुणांनी भरून नेलं. आज मी जी काही आहे, ती त्या दुसऱ्या पुस्तकामुळे आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

मी मावशींना ही गोष्ट सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि विचारलं, "सर आहेत अजून?"

"आहेत. दर दिवाळीला फोन करते."

"करत जा."

मग अंकल काउंटरवर कोपर टेकून मावशींशी हिंदीत बोलले. "बहनजी, ये अभी वापस कहाँ हुए हैं? मेरे हाथ में तो आपने दिए ही नहीं. सिर्फ़ काउंटर पर रखे हैं." त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि घडलं ते सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा सगळ्यात लहान डोसपासून सुरुवात करायला सांगितली. त्याप्रमाणे लहान डोसची पाकिटं मी पुन्हा पिशवीत भरली आणि मोठ्या डोसची अंकलनी एकेक करून डब्यात टाकली. प्रत्येक पाकीट पडताना मावशींचे डोळे मिटत होते.

"और केस हारे तो?" मावशींनी विचारलं.

"हारे तो मैं हारा. आप गोली खाइए."

त्या गेल्यावर मी अंकलना विचारलं, की हे त्यांनी सही घेतानाच का सांगितलं नाही. ते म्हणाले, "पहले बोल दूँ तो लोग लेते ही नहीं, बेटा. ख़ैरात लगती है." मी म्हटलं, न सांगितल्यावरही मावशींनी घेतल्या नव्हत्याच. त्यानंतर सही घेताना अंकल प्रत्येकाला शेवटची ओळ स्वतः समजावून सांगू लागले, आणि हरलात तर पैसे मागणार नाही हेही.

आठवड्याने मावशींचा फोन आला. "अगं, टीव्हीसमोर बसल्या बसल्या घोरले. काका म्हणतात, कारखान्याचा भोंगा ऐकल्यासारखं वाटलं." मी इतकी खूश झाले की लॅबकोटच्या बाहीनेच डोळे पुसले. पुढे डॉक्टरांनी बेताबेताने डोस वाढवला आणि सोबत हाताचे व्यायाम सुरू झाले. उन्हाळ्यात हात खिशातून बाहेर आला, मग कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. क्लेममध्ये मावशी आणि गाडीवाला, दोघांचीही थोडी चूक धरली गेली. भरपाई अपेक्षेपेक्षा बरीच कमी आली, आणि तिच्यातून आमचे पैसे सगळ्यात आधी आले.

सप्टेंबरात शाळा सुरू झाल्यावर एका दुपारी मावशी आल्या. कोटाखाली शाळेचा एप्रन होता आणि अंगाला भाजलेल्या पावाचा वास येत होता. त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि उजव्या हाताने उचलून काउंटरवर ठेवला. शेवटच्या वितीला हात थोडा अडला, पण त्यांनी डाव्याची मदत घेतली नाही.

मी डब्याकडे न बघता त्यांच्या हाताकडेच बघत होते.

"हाताकडे काय बघतेस? पुरणपोळी आहे," त्या म्हणाल्या. "आणि जपून ठेवू नकोस गं. आजच खा."