मुखेड, मुदखेड आणि एक जास्तीचा डी

मंडळी, आजचीच गोष्ट सांगतो.

नांदेडच्या एका लॅबचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. कुठल्याही क्लासात न जाता शिकलो; फाइलीतला एक स्वल्पविरामही सुटू देत नाही. कुठल्या दवाखान्याचे रिपोर्ट कुठल्या मेलवर जायचे, ती सेटिंगची नवी फाइल सर्व्हरवर चढायच्या आधी तिला आपोआप तपासणारी स्क्रिप्टही माझीच. आज सकाळी ती 'बरोबर' म्हणाली, फाइल चढली.

दुपारी मुखेडच्या डॉक्टर मॅडमचा फोन. "भाऊ, शबाना शेख, सिझरला घ्यायची हाय. रक्ताचा रिपोर्ट कुठं हाय?"

"सकाळीच गेला की, मॅडम."

"मग मला दिसंना का?"

फाइल उघडली. मुखेडच्या नावासमोर मी मुदखेडच्या दवाखान्याचा मेलचा पत्ता टाकला होता. इंग्रजीत एक डी जास्त. दोन्ही पत्ते खरे, म्हणून स्क्रिप्टला चूक दिसलीच नाही.

मॅडमना रिपोर्ट पाठवून लगेच मुदखेडला फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, "हाव, आला ना. आमच्या शबाना शेखच्या फाइलीला आत्ताच लावला."

मी म्हटलं, "काढा ताई, ती बाई वेगळी हाय." कागद निघेपर्यंत फोन धरून उभा होतो.

आत्ता तीच चुकीची फाइल परत तपासायला दिली. स्क्रिप्ट अजूनही 'बरोबर'च म्हणते.

तुमच्याकडं 'बरोबर' म्हणणाऱ्याला कोण तपासतं?