मखमली कोटातला भिकारी

जगन्नाथ गेल्याचे मला पावसहून आलेल्या माणसाने भर बाजारात सांगितले, आणि मी वांगी निवडत राहिलो. त्याला आता महिना होऊन गेला, तरी वाईट वाटत नाही. मावसभाऊ असला म्हणून खोटे कशाला लिहू?

गावच्या उत्सवात दरसाल नाटक होई. एका वर्षी जगन्नाथने स्वतःच लिहिले, लोभी राजाचे. राज्ये गिळूनही राजाचे पोट भरत नाही, आणि शेवटच्या अंकात तो आपल्याच जुन्या नोकराच्या दारी पेज मागतो. लिहिले बरे होते, हे कबूल. राजा अर्थातच तो. पण पुढे मामलेदार बसलेले दिसले आणि स्वारीला चिंध्या नेसवेनात. मखमली कोटातच त्याने पेजेसाठी हात पसरला... मामलेदारही पोट धरून हसले. जगन्नाथच्या मते ते भारावले होते.

मग त्याला गाव लहान पडू लागले. वहिनींना माहेरून मिळालेली कलमांची बाग विकून त्याने मुंबईत नाटक कंपनी काढायचे ठरवले. वहिनी एकदाच म्हणाल्या, "बाग तेवढी ठेवा. म्हातारपणी तीच पोसेल." ह्याने आरशातून नजरही काढली नाही. कंपनीत चांगला नट टिकेना, कारण दुसऱ्याला पडलेल्या टाळ्या ह्याला खपत नसत. त्यात बोलपट आले. गाशा गुंडाळून हा बोटीने परतला. वहिनी त्याच बागेत रोजावर जाऊ लागल्या, आणि हा पडवीत बसून पेज पातळ झाल्याची तक्रार करी. स्वतः लिहिलेले नाटक ह्या गृहस्थाला कधी कळलेच नाही.

दहाव्याला कावळा शिवेना. "वहिनींना आम्ही सांभाळू," मी पिंडापुढे हात जोडून म्हणालो. फांदीवरचा कावळा हलला नाही. बाग परत विकत घ्यायचे कबूल केले, तरी नाही. ऊन चढले, दर्भाचा कावळा करायची वेळ आली. शेवटी वैतागून म्हणालो, "पुढच्या उत्सवात तुझेच नाटक लावू, बाबा... तुझ्या नावानिशी." कावळा झपकन उतरला.

घरी वहिनी दारातच उभ्या होत्या. काय कबूल केल्यावर शिवला, म्हणून त्यांनी विचारले. मी सांगितले.

"माझं नाव घेतलं होतंत, भावोजी?"

"सगळ्यांत आधी."

त्या आत जायला वळल्या.

"मग ठेवायचा होतात तसाच उपाशी."