आज सर आले नाहीत म्हणून

या जगात काळजी करण्यासारखं जे काही आहे ते सगळं आमच्या भाऊजींच्या ओळखीचं आहे. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. अमरावतीच्या एका मोठ्या कॉलेजात ते ग्रंथपाल आहेत, पुढच्या वर्षी रिटायर होतील. लग्न केलं नाही, आमच्याजवळच राहतात. घर शहराच्या टोकाला, मागे आमचं वांग्या-मेथीचं वावर. आभाळ कोरडं ठाक असलं तरी छत्री, पेन चालला नाही तर दुसरा पेन, तोही चालला नाही तर पेन्सिल, आणि कॉलेजातला खडू ओला निघाला तर रुमालात बांधलेला घरचा खडू, एवढं घेतल्याशिवाय त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. फाटकापर्यंत जातात आणि परत येतात. "वहिनी, गॅस बंद हाय ना?" "बंद हाय." "तुमी सोता पाह्यला, का कोनं सांगतलं?" स्वयंपाकघरात मी एकटीच असते, मला कोण सांगणार. पण ते विचारल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

कोणी सांगितलं, हा त्यांचा रोजचा प्रश्न. कॉलेजातल्या मुलांनाही ते हेच शिकवतात. एखादी माहिती शोधायची कशी, ती खरी की खोटी ते पाहायचं कसं, आणि दुसऱ्याचं लिहिलेलं आपल्या लिखाणात घेतलं तर त्याचं नाव द्यायचं कसं. घरीही तोच नियम. जेवायला बसले की पहिला घास घेऊन म्हणतात, "ठेचा वहिनीनं केला, पन रीत वहिनीच्या आईची, चांदूर बाजारची." माझी आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण आमच्या ताटावर तिचं नाव निघतं. त्यांनी विनोद सांगायला घेतला तर तो त्यांना कोणी सांगितला आणि त्या माणसाला कोणी सांगितला, हे होईपर्यंत ऐकणारे हात धुऊन उठतात. तरुणपणी अकोटचा एक माणूस त्यांच्यासाठी स्थळ घेऊन आला होता. मुलगी मोठी सुगरण आहे म्हणाला. भाऊजींनी विचारलं, "कोन म्हनते?" तो म्हणाला, "सारेच म्हनतात." भाऊजी म्हणाले, "साऱ्यायतले दोन-तीन नावं सांगा." त्या माणसानं चहा अर्धा ठेवला आणि उठला. आमचे हे अजून म्हणतात, "लगन जमवाले आला होता बिचारा, कोर्टात साक्ष द्याले नाई."

पण या सगळ्या लहान काळज्या. मोठी काळजी एकच, आणि ती जुनी. आयुष्य नोकरीत गेलं, पण कॉलेजच्या टाइमटेबलात भाऊजींच्या नावाचा तास कधी लागला नाही. प्राध्यापक लोकांना वाटतं, ग्रंथपालानं पुस्तक द्यावं आणि परत घ्यावं. शिकवायची एवढी हौस असेल तर ज्या दिवशी एखादे सर येणार नाहीत त्या दिवशी मोकळ्या वर्गावर जावं. तिथले कितीतरी सर अकोल्याहून रेल्वेगाडीनं ये-जा करतात. त्यामुळे गाडीला उशीर झाला की भाऊजींचा तास. सकाळी उठल्याबरोबर गाडी बडनेऱ्याला कधी लागते ते मोबाईलवर पाहायचं. उशीर असला की चेहरा उजळायचा आणि लगेच पडायचा, कारण लोकांच्या खोळंब्यावर आपण खुश झालो ही नवीन काळजी. एकदा एक सर तापानं अंथरुणाला लागले आणि भाऊजींना ओळीनं आठवडाभर वर्ग मिळाला. रविवारी भाऊजी संत्री घेऊन एसटीनं अकोल्याला त्यांना पाहायला गेले. सरांना नवल वाटलं. म्हणाले, "एवढ्या लांब काहून तकलीफ घेतली तुमी?" भाऊजी म्हणाले, "माह्या आठोडा लय चांगला गेला सर, म्हनून."

तास कधी अचानक मिळेल याचा नेम नाही, म्हणून त्यांची तालीम रोज चालायची, आणि ती माझ्यासमोर. मी चौथी शिकलेली. त्यांचं म्हणणं, वहिनीला समजलं तर एम. ए.च्या मुलांना समजायला हरकत नाही. मी मेथी निवडत बसले की ते समोर उभे राहत, घसा साफ करत आणि म्हणत, "आज तुमचे सर आले नाहीत, म्हणून मी आलो." ओसरीवरून हे ओरडत, "अरे कोनते सर? ते मेथी तोडून राह्यली." पण भाऊजी सुरुवात बदलत नसत. त्या वाक्याशिवाय त्यांची गाडी पुढे सरकतच नव्हती. एक दिवस माझ्या टोपलीकडे पाहून त्यांना उदाहरण सुचलं. बाजारात जाऊन नुसतं भाजी द्या म्हटलं तर कोणी काहीही टोपलीत टाकेल. कोणती भाजी, कुठल्या वावरातली, आजची की कालची, हे विचारलं तर पाहिजे ते मिळेल. पुस्तकांतही तसंच विचारायचं. मला ते समजलं. मी मान हलवली तर म्हणाले, "खरंच समजलं, का माह्या मनाले बरं वाटावं म्हनून?"

मागच्या वर्षी इतिहासाला अकोल्याच्या एक नवीन मॅडम मुख्य म्हणून आल्या. त्या आपण होऊन ग्रंथालयात आल्या आणि भाऊजींना म्हणाल्या, "सर, माझी मुलं मोबाईलवर जे पहिलं दिसतं ते उतरवून आणतात. बुधवारी माझ्या तासाला तुम्ही शिकवा, मीही बसते. जमलं तर पुढच्या टाइमटेबलात तुमच्या नावानं तास टाकू." त्या दिवसापासून भाऊजींचं अन्न गेलं. आजवर प्राध्यापकासमोर ते कधी शिकवायला उभे राहिले नव्हते. वर्गातला कॉम्प्युटर बंद पडला तर म्हणून त्यांनी त्याचा पडदा मोठ्या कागदावर रंगवून घेतला. तो कागद वाऱ्यानं उडाला तर म्हणून तोच लहान कागदावर काढला. बुधवारी पहाटेपासून गाडी पाहत बसले. गाडी वेळेवर होती. "ह्या मॅडमची गाडी कधीच लेट नसते वहिनी," असं रडवेल्या आवाजात बोलून ते निघाले.

संध्याकाळी आले ते चपला न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभे. म्हणाले, "संपलं वहिनी." झालं असं की मॅडम पहिल्याच बाकावर मुलींमध्ये बसल्या होत्या. भाऊजींनी फळा पुसला, घसा साफ केला आणि सवयीनं म्हणाले, "आज तुमच्या मॅडम आल्या नाहीत, म्हणून मी आलो." वर्ग जो हसला तो थांबेना.

"मंग मॅडम काय म्हनल्या?" ह्यांनी विचारलं.

"म्हनल्या, चालू द्या."

"मंग तू काय केलं?"

"चालू देलं. काय सांगतलं ते मले आठवत नाई."

पुढचे कितीतरी दिवस ते नोटीस बोर्डासमोरून गेले नाहीत, सायकल स्टँडवरून वळसा घालून ग्रंथालयात जात. आता रिटायर होईपर्यंत आपला तास लागत नाही, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. त्यांचं पाहून माझंही कामात मन लागेना. शेवटी मॅडमच टाइमटेबलाचा कागद घेऊन त्यांच्या टेबलापाशी आल्या. बुधवार, साडेअकरा, भाऊजींचं नाव. त्या रात्री भाऊजी पोटभर जेवले, आणि सकाळी उठून म्हणाले, "वहिनी, आता मले बिमार पडता येत नाई."

बुधवारामागून बुधवार ते जात राहिले. आणि या थंडीत एका बुधवारी त्यांना सणसणून ताप भरला. उभे राहिले की झोक जायचा, तरी सदरा चढवून बसलेले. हे वावरात गेले होते. मी त्यांच्या चपला उचलल्या आणि मेथीच्या टोपलीखाली लपवल्या. मग त्यांचा मोबाईल घेतला. मला परक्या माणसाशी बोलायची सवय नाही, फोनवर तर नाहीच. तरी मॅडमचा नंबर लावला. मॅडमचा आवाज आला तेव्हा मी एवढंच म्हटलं, "भाऊजी आज येत नाईत. ताप हाय."

"कोण बोलताय?"

"मी वहिनी."

त्या म्हणाल्या, "भाजीच्या टोपलीच्या वहिनी का?"

मग त्यांनीच सांगितलं. भाऊजी वर्गात ते उदाहरण सांगून म्हणायचे, हे माझ्या वहिनीच्या टोपलीवरून सुचलं. दर वर्गाला सांगायचे म्हणे. मॅडम म्हणाल्या, "काळजी करू नका सांगा त्यांना." मी भाऊजींना तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, "असं मॅडम सोता म्हनल्या का?"

साडेअकरा वाजले तसे ते भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून आडवे झाले. वर्ग मोकळा असेल, मुलं कँटीनला गेली असतील, एकदा मोकळा गेलेला तास मग काढूनच टाकतात, असं पुटपुटत होते. कपाळावरची पट्टी मी ओली करायची, तापानं ती लगेच सुकायची. दुपारी मॅडमचा फोन आला. भाऊजींनी ऐकला, हो-हो केलं, आणि फोन छातीवर ठेवून पडून राहिले. मी घाबरले. विचारलं, काय झालं?

"मॅडमनं माह्या तास घेतला," ते म्हणाले. "वर्गात गेल्या आणि म्हनल्या, आज तुमचे ग्रंथपाल सर आले नाहीत, म्हणून मी आले."

त्यांनी फोन उशाशी ठेवला. नंतर छताकडे पाहत म्हणाले, "गैरहजर राहाले बी पह्यले जागा लागते वहिनी."

मी विचारलं, "हे कोनं सांगतलं भाऊजी?"

त्यांनी जरा विचार केला. "कोनं नाई," म्हणाले. "हे माह्यंच हाय."

थोड्या वेळानं त्यांचा डोळा लागला. दिवसा झोपलेलं मी त्यांना तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं. मी टोपली उचलली, चपलांवर पडलेली मेथीची पानं झटकली आणि त्या दाराशी नेऊन ठेवल्या, बाहेर तोंड करून, पुढच्या बुधवारसाठी.