वैरागची सोयरीक मोडली ती मीच

लग्नानंतर पाच वर्षांत मी बरीच जाड झाले. नवऱ्याचं सोलापुरात कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाइकांसमोर तो मला 'गठ्ठा' म्हणायचा. आणीबाणीच्या आदल्या वर्षी त्याला कुणीतरी सांगितलं, मुंबईत एक सर्जन आतडं तोकडं करून वजन उतरवतो. मला कुणी विचारलं नाही. सही त्यानेच केली.

वर्षभरात मी निम्मी झाले. नवऱ्याने मला लग्नाकार्यांत मिरवलं. मग ताप यायला लागला. मनगटं, गुडघे सुजले, दंडांवर आणि पायांवर लाल पुटकुळ्या उठल्या. स्वतःची वेणी घालता येईना. सासूबाई म्हणाल्या, "ह्यो महारोग हाय. हिला मागच्या खोलीत ठेवा." माझं ताट उंबऱ्यावरून आत सरकवलं जायचं. नवरा बघत असायचा.

शेवटी भावाने मला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "महारोग कसला! वापरातून काढलेलं आतडं पोटात तसंच आहे, त्यात जंतू माजलेत. त्यांच्याशी लढता लढता तुमचं शरीर तुमच्याच सांध्यांवर उलटलंय. आतडं परत जोडून घ्या."

"पुन्हा फुगेल ती," घरी हे कळल्यावर नवरा म्हणाला.

भावानेच पुण्याला नेऊन ते जोडून आणलं. ताप गेला, पुटकुळ्या वाळल्या. डावं मनगट मात्र आखडलं ते आखडलंच. मी सासरी परतले. सगळ्यांना वाटलं, झालं गेलं मी विसरले.

पुढे धाकट्या दिराचं वैरागच्या एका मुलीशी ठरत आलं. मुलगी अंगाने भरलेली. सासूबाई हसत म्हणाल्या, "लगीन झाल्यावर हिचंबी आपरेशन करू की."

दुसऱ्या दिवशी मी एसटीने वैराग गाठलं. मुलीच्या आईला आतल्या खोलीत नेलं, पदर बाजूला करून पोटावरचे दोन्ही व्रण दाखवले.

"तुमच्या लेकीचंही हेच ठरलंय."

त्या बाईने वाकून व्रण बघितले. "खरं सांगताय?"

"लेकीला बोलवा. तिलाही बघू द्या."

सोयरीक मोडली. नवरा दुकान टाकून घरी आला. "तू गेली होतीस तिथं?"

"हो. आता पुढचं स्थळ कुठलं? तिथंही जाईन."

आणखी दोन ठिकाणी गेले. दिराने माझं काहीच वाकडं केलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी गेले. सासूबाई देवासमोर बसून रडायच्या, आणि मी स्वयंपाकघरात पोटभर जेवायचे.