नियम एकच: उचलायचं नाही

"...आणि ती कुणाला उचलू न देणारी बाई आहे ना, तिला शेवटी उचललीच म्हणे. चौघांनी. तिसऱ्या मजल्यावर..."

इतकं कानावर आलं आणि गिरणीवाल्यानं चक्की सुरू केली. बोईसरला आमच्या गिरणीत एकदा पट्टा फिरायला लागला की शेजारी उभं राहून कुणी बोंब मारली तरी ऐकू येत नाही. त्या दोघींचे ओठ हलत होते, हात हलत होते, मध्येच एकीनं कपाळावर हात मारला. माझी पाच किलो ज्वारी दळून होईस्तोवर दोघी निघून गेल्या.

गरम पिठाचा डबा कडेवर घेऊन घरी आले, पण जीव थाऱ्यावर नाही. कारण ती बाई म्हणजे आमच्या तळमजल्यावरच्या वर्षाताई.

आता हे पहिल्यापासून सांगायला हवं. वर्षाताईंची अपंगांची संस्था आहे. तिची मीटिंग दर रविवारी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये भरते, माझ्या गॅलरीच्या बरोबर खाली. मी तिथे कपडे वाळत घालते. रविवारी जरा सावकाश घालते. असे किस्से मुद्दाम कुणी गोळा करत नाही, गॅलरीत धूळ बसते तसे ते आपोआप साठतात. बारा वर्षांत इतके साठलेत की सांगताना आधी हसू येतं, आणि मग त्या दिवशी जेवण जात नाही.

संस्था चालवणारी माणसं तीन, पगार एकालाही नाही. वर्षाताई अध्यक्ष. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून पायांत बळ नाही, व्हीलचेअरवर असतात. घरी हातमशीनवर ब्लाउज शिवतात. सदाकाका सेक्रेटरी. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, शाळेत पेटी शिकवायचे, आता रिटायर. तिसरे तांडेलदादा, किनाऱ्याकडच्या कोळीवाड्यातले. बोटीवर दोरात अडकून एक पाय गेला, कुबडी घेऊन चालतात.

पहिल्याच रविवारी मी गॅलरीत उभी होते. चाहूलसुद्धा न देता. खालून सदाकाका म्हणाले, "वहिनी, कपडे वाळले असतील आता. चहा टाका."

तेव्हापासून चहा माझ्याकडे.

* * *

संस्थेची एक वही आहे. पहिल्या पानावर लिहिलंय, "नियम १. उचलायचं नाही." म्हणजे खुर्चीसकट माणसाला गोणीसारखं उचलून पायऱ्या चढवायच्या नाहीत. रॅम्प नसेल तर साहेबानं खाली यायचं. पुढचं पान कोरं. मी एकदा विचारलं, नियम दोन कुठाय? सदाकाका म्हणाले, "आधी हा एक तर पाळून होऊ दे."

हा नियम आला कुठून, ते ऐका. वर्षाताई एका ऑफिसात दाखल्यासाठी गेल्या होत्या. पायऱ्या अकरा. दोन शिपाई आणि रांगेतले दोघे पुढे आले. चांगली माणसं होती हो, स्वतःहून आली. "ताई, काळजीच नको." खुर्ची उचलली. सातव्या पायरीवर एकाचा फोन वाजला. त्यानं तो घेतला.

खुर्ची कलंडली, ताई हनुवटीवर पडल्या, तीन टाके. पदर कुठे, चप्पल कुठे, आणि सगळी रांग बघतेय.

तो माणूस रडकुंडीला आला होता बिचारा. म्हणत होता, "ताई, घरून फोन होता ओ."

* * *

नियम झाला. पुढच्या वेळी ताई पायऱ्यांखाली बसून राहिल्या आणि वर चिठ्ठी पाठवली. तासाभरानं साहेब खरंच खाली आले. हात जोडले, शेजारी वाकून उभे राहिले, कुणीतरी फोटो काढला. ताईंचा अर्ज खुर्चीच्या हातावर ठेवून वाचला. "एवढंच ना? आत्ता करतो," म्हणाले. खिसे चाचपले. शिक्का वर राहिला होता.

"दोन मिनिटांत आणतो," म्हणून वर गेले.

पाच वाजले. सव्वापाच वाजले. साडेपाचला वॉचमन दिवे बंद करत आला. म्हणाला, "मावशी, अजून इथंच? साहेब कधीच गेले. मागून जिना आहे ना."

फोटो मात्र दुसऱ्या दिवशी पेपरात आला. ताईंनी कापून ठेवलाय. साहेब फार छान हसलेत त्यात.

* * *

रॅम्प कुठे झालाच नाही असं नाही. तांडेलदादांच्या गावात पंचायतीला झाला. दोन वर्षं हेलपाटे घातले दादांनी. रॅम्प असा सुरेख, रुंद, दोन्ही बाजूंना कठडा, वर दिवसभर ऊन. नारळ फुटला, पेढे वाटले. महिन्यानं दादा पेन्शनच्या कागदासाठी गेले तर रॅम्पभर जवळा वाळत घातलेला. वरपासून खालपर्यंत, पाऊल टाकायला जागा नाही.

दादा चिडले. "ये कोणाचा जवळा हाय? उचला आधी. हा रॅम्प अपंगांसाठी हाय."

कठड्याला टेकून एक बाई कावळे हाकलत होती. ती म्हणाली, "दादा, तुमी महिन्याचे एकदा येता. जवळा रोज येतो."

बाई म्हणजे त्यांचीच वहिनी, आणि जवळ्यात अर्धा वाटा दादांच्या घरचा.

रविवारी मीटिंगला येताना दादांनी आम्हा सगळ्यांना त्यातला थोडा थोडा जवळा आणला. सदाकाका वास घेऊन म्हणाले, "चला, रॅम्पचा काहीतरी उपयोग झाला."

* * *

दरवर्षी अपंगांचा एक दिवस असतो. आता दिव्यांग म्हणायचं म्हणे. सदाकाका म्हणतात, "नाव बदललं, पायऱ्या तेवढ्याच."

त्या दिवशी मोठा कार्यक्रम होता, पालघरला, एका हॉलमध्ये. हॉल पहिल्या मजल्यावर. वर्षाताईंचा सत्कार होता, पत्रिकेत नाव छापलेलं. ताई खाली जिन्यापाशी बसल्या. "आम्ही उचलतो ना," म्हणून चारदा माणसं आली, ताई चारदा नाही म्हणाल्या. कार्यक्रम सुरू झाला. खाली लाउडस्पीकर लावला होता, त्यामुळे ताईंना सगळं नीट ऐकू येत होतं. विषय होता 'समान संधी'.

मग नाव पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग निवेदिका म्हणाली, "अध्यक्षा काही अपरिहार्य कारणामुळे येऊ शकल्या नाहीत." टाळ्या झाल्या. ताई म्हणतात, "मीपण वाजवल्या. सवयीनं."

सदाकाका वर गेले होते. त्यांना भेट मिळाली भिंतीवरचं घड्याळ. न दिसणाऱ्या माणसाला घड्याळ. मला इतका राग आला. काकांनी मात्र ते घरी लावून घेतलं. सहा महिन्यांनी एका रविवारी म्हणाले, "काल ते बंद पडलं. घरात पाच डोळस माणसं आहेत. पहिलं मलाच कळलं."

* * *

आता आमच्या बिल्डिंगचं सांगते, आणि हे सांगताना माझी मान खाली आहे.

वर्षाताई तळमजल्यावर राहतात, पण दारातून पार्किंगमध्ये यायला तीन पायऱ्या आहेत. ताईंचे मिस्टर एमआयडीसीत शिफ्टला जातात. जाताना पायऱ्यांवर एक लांब फळी टाकतात, परत आले की काढून ठेवतात. फळी असेल तर ताई बाहेर, नसेल तर घरात.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये पक्का रॅम्प मागितला ताईंनी. खर्च संस्था करणार होती. सगळे म्हणाले, "ताई, रॅम्प कशाला? आम्ही आहोत ना. कधीही हाक मारा, उचलून घेऊ." एकेकाला गहिवर आला अगदी. रॅम्प झाला असता तर तीन स्कूटरींची जागा जात होती, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. हात वर करायला सांगितले तेव्हा चारच हात वर झाले.

तीन स्कूटरींतली एक आमची. माझा हात मांडीवर होता. संस्थेतर्फे आलेले सदाकाका शेजारी बसले होते. त्यांना दिसत नाही, पण माझ्या बांगड्या वाजल्या नाहीत हे त्यांना कळलं असणार. त्या रविवारी त्यांनी चहा मागितला नाही. मीच नेऊन दिला. "साखर बरोबर आहे, वहिनी," एवढंच म्हणाले.

मग गणपती आले. बिल्डिंगचा पाच दिवसांचा गणपती, पार्किंगमध्ये. पोरांना मखराखाली घालायला लांब फळी हवी होती, ती कोपऱ्यात उभीच होती. सकाळी प्रतिष्ठापना झाल्यावर ताईंचे मिस्टर फळी शोधायला लागले. सगळे एकमेकांकडे बघतात. शेवटी आमचे चेअरमन हात जोडून म्हणाले, "आता बाप्पा बसलेत ओ त्याच्यावर. कसे हलवणार?"

ताई पाच दिवस घरात. आरती खिडकीतून. मी रोज प्रसाद नेऊन द्यायचे. चौथ्या दिवशी ताई म्हणाल्या, "वहिनी, ह्या वर्षी मी एकच मागितलंय त्याच्याकडे. लवकर जा म्हटलं."

* * *

तर ही बाई. आणि हिला चौघांनी उचललं म्हणे, तिसऱ्या मजल्यावर. ताईंना विचारायची माझी छाती झाली नाही. दार लोटलेलं होतं, मशीनचा आवाज नव्हता. मी तांडेलदादांना फोन लावला. दादा तिथे होते, त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. त्यांनी सांगितलं ते असं.

सदाकाकांना गुरुवारी छातीत दुखलं. इथल्याच एका दवाखान्यात ठेवलं, तिसऱ्या मजल्यावर. शनिवारी डॉक्टर म्हणाले, मुंबईला हलवा, आजच, आणि वाटेतलं काही सांगता येत नाही. वर्षाताईंना कळलं तशा त्या दादांना घेऊन रिक्षानं गेल्या. लिफ्ट बंद. काकांचा फोन सुनेकडे, सून बिलाच्या खिडकीवर, फोन काही उचलेना.

चार वॉर्डबॉय आले. "दीदी, दो मिनट का काम है. बिठा के ले चलते हैं."

ताई म्हणाल्या, "नको. साहेब असता तर खाली बोलावला असता. पेशंटला खाली ये कसं म्हणू? खुर्ची तेवढी वर न्या. मी येते."

आणि पहिल्या पायरीवर उतरून बसल्या. पाठ जिन्याकडे, दोन्ही हात मागच्या पायरीवर, जोर लावायचा, वर सरकायचं, मग पाय ओढून घ्यायचे. अशा एकेक करून. दादा मागून, एका हातात कुबडी, दुसऱ्यात ताईंची पर्स. लोक बाजूनं चढत-उतरत होते. एका बाईनं ताईंच्या ओटीत दहाची नोट टाकली. दादा म्हणाले, "ओ बाय, ती भिकारी नाय, अध्यक्ष हाय." ताई म्हणाल्या, "दादा, वाद घालू नका, पायऱ्या मोजा."

चव्वेचाळीस. पाऊण तासाच्या वर गेला. वर पोचल्या तेव्हा तळहात सोललेले, साडी मातीनं काळी. रिकामी खुर्ची दारात वाट बघत होती, तिच्यात बसल्या, केस सारखे केले आणि आत गेल्या.

कॉट रिकामी होती. नर्स चादर काढत होती. ताईंचा चेहरा बघून ती घाईघाईनं म्हणाली, "अहो, नाही नाही. आजोबांना आत्ताच खाली नेलं. ॲम्ब्युलन्स लागलीय. मागून जिना आहे ना."

दादा खिडकीशी गेले. खाली गाडी उभी होती, मागचं दार उघडं, ड्रायव्हर चढून बसत होता. दादांनी वरून हाका मारल्या. सुनेनं वर बघितलं, हातानं पाच मिनिटं अशी खूण केली.

चार वॉर्डबॉय अजून तिथेच होते. त्यातला मोठा हळूच म्हणाला, "दीदी, अब?"

ताईंनी जिन्याकडे बघितलं. मग हातांकडे बघितलं. म्हणाल्या, "उचला."

"मला वाटला, माजाच कान वाजला," दादा म्हणाले.

म्हणजे गिरणीतल्या बायकांचं अर्धं खरं. चौघं होते, तिसरा मजला होता, उचललंही. पण वर नाही, खाली. दोघे पुढून, दोघे मागून, खुर्चीसकट, चव्वेचाळीस पायऱ्या धावत. दादा वरच राहिले होते, कुबडीनं उतरेपर्यंत गाडी हलायला आली होती. पण शेवटचं त्यांना ऐकू आलं.

सदाकाका आत आडवे होते, नाकाला नळी. त्यांनी मान वळवली.

"वर्षा?"

"हो काका."

"कशी आलीस गं?"

ताई म्हणाल्या, "चालत."

काकांनी कान दिला. मग म्हणाले, "बरं केलंस. पण हळू चालायचं होतंस. चौघांना धाप लागलीय."